आतोबांचा गूळ

नगर जिल्ह्यात आमच्या आतोबांइतका उजळ माथ्यानं चोरी करणारा दुसरा माणूस झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, मिरजगावपासून तीन कोसांवरच्या एका खेड्यात ग्रामपंचायतीचे चिटणीस. त्यांची चोरी पैशाअडक्याची नव्हे हो! शेजारच्या गावात एखादी चांगली सोय दिसली, की ती आपल्या गावात उचलून आणल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. गुरांच्या पाणी प्यायच्या हाळाला उतार कसा द्यावा, चावडीच्या दाराला अडसर कसा बसवावा, दवंडी आधी कुठल्या आळीत पिटावी, सगळा माल चोरीचा. आणि चोरी करून गप्प बसतील तर ते आतोबा कसले? ज्याचं चोरलं त्याला बाजारात गाठून, चारचौघांत त्याचे हात हातात घेऊन सांगायचे, "पाटील, तुमचा अडसर आम्ही उचलला बरं का! फार नामी आहे." पाटील बिचारा ओशाळून जाई.

ती लढाईची वर्षं होती. मी कर्जतच्या कचेरीत नवाच कारकून म्हणून लागलो होतो आणि सुट्टी मिळाली की आत्याकडे जेवायला जात असे. आतोबांचा अल्पाकाचा काळा कोट मूळचा कुठल्या रंगाचा होता हे आत्याही सांगू शकत नसे. त्याच्या उजव्या खिशात मापं घ्यायला हात-हातावर गाठी मारलेली एक सुतळी असे. परगावी गेले की आधी ती बाहेर निघायची, मग राम राम. आत्या म्हणायची, "माणसं घरच्यांची ख्यालीखुशाली विचारतात, हे कोंडवाड्याची विचारतात." एकदा ती त्यांना हट्टानं नेवाशाला दर्शनाला घेऊन गेली. परत आल्यावर मी विचारलं, "दर्शन कसं झालं आतोबा?" तर म्हणाले, "गर्दी होती रे. पण घाटावरचं पाणी कसं वाहून नेलंय म्हणतोस! वा!" आत्यानं कपाळाला हात लावला.

खर्ड्याकडच्या एका लग्नात तर कमाल झाली. नवऱ्या मुलाचे मामा म्हणून अंतरपाट धरायचा मान आतोबांचा. मुहूर्त आला, भटजी घसा खाकरून उभे राहिले आणि आतोबांचा पत्ता नाही. शोधाशोध झाली, तेव्हा हे गृहस्थ गावाबाहेरच्या जुन्या बारवेत, कोटासकट, अगदी पाण्यापर्यंत उतरून सुतळीनं पायऱ्या मोजत होते. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाचं एक टोक हातात धरून मला कानात सांगतात, "बाई कशी सरळ पाण्यापाशी जाते, घागर बुडवते आणि वर येते! दोर नाही, पोहरा नाही. आपल्याकडे बायकांचे हात बघितलेस का? सोलवटून निघालेत रे." वधूवरांवर अक्षता टाकायचं त्यांचं राहूनच गेलं. मात्र पुढच्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीला थेट पाण्यापर्यंत पायऱ्या झाल्या. स्वतः उभं राहून त्यांनी एकेक दगड बसवून घेतला. पहिली घागर आत्यानं भरली, आणि त्या दिवशी घरी पुरणपोळी होती, म्हणजे बघा.

आता त्यांच्या मोठ्या खटाटोपाबद्दल सांगतो. मिरजगावच्या आठवड्याच्या बाजाराला आसपासच्या पाच-सहा गावचे पाटील, तलाठी, सरपंच येतच असत. आतोबांनी त्यांना बैलबाजारामागच्या लिंबाखाली बसवायला सुरुवात केली. कायदा एकच. ज्यानं त्यानं आपल्या गावात काय चुकलं ते सांगायचं. चूक सांगणाऱ्याला आतोबा आपल्या फडक्यातून गुळाचा खडा देत. साखर त्या दिवसांत डोळ्यांना दिसत नव्हती. नुसती बढाई मारणाऱ्यानं सगळ्यांना पाणी आणून द्यायचं. सुरुवातीला महिनाभर सगळे पाणीच आणत होते! मग एक दिवस ओढ्यापलीकडच्या गावचे पाटील, भरदार मिशांचा मोठा ताठ माणूस, खाली मान घालून म्हणाले, "आमी कोंडवाड्याला कडब्याचं छप्पर घातलं. कोंडलेल्या जनावरांनी आतनं तेच खाल्लं. आता कोंडवाड्यात ऊन पडतंय."

अहो, हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. आतोबा मात्र हसले नाहीत. भला मोठा खडा पाटलांच्या हातावर ठेवून म्हणाले, "पाटील, उद्या मी तेच करणार होतो. वाचवलंत." खरोखरच कडब्याच्या पेंढ्या आणून ठेवल्या होत्या त्यांनी! त्या दिवसापासून लोकांच्या जिभा सुटल्या. कुणी पूल उलट्या उताराचा बांधला होता, कुणी दवंडीवाल्याला चुकीचा वार सांगितला होता. दुधाला विरजण लावावं तशी एका गावची अक्कल दुसऱ्या गावाला लागत गेली. आतोबांच्या पायऱ्या बघायलाही माणसं आली, सुतळीनं मापं घेऊन गेली, आणि वर्षभरात ओढ्यापलीकडच्या गावासकट आणखी चार गावांच्या विहिरींना पायऱ्या झाल्या. आपलं चोरलं गेलं याचा त्या माणसाला कोण आनंद! स्वतःची चूक मात्र आतोबांनी कधी सांगितली नव्हती. फडकं त्यांच्याच हातात असे, त्यामुळे विचारणार कोण?

पुढच्या वर्षी पेरणीच्या तोंडावर गावात नारू निघाला. एकाच्या घोट्याला, दुसऱ्याच्या पोटरीला, करता करता घरोघर माणूस पाय धरून बसला. नारू तसा या भागाला नवा नव्हे, पण आतोबांच्या गावात तो क्वचितच. जखमेतून दोऱ्यासारखा किडा बाहेर येतो, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तोवर माणूस जागचा हलत नाही. ऐन पेरणीच्या वाफशावर शेतं तशीच पडली. तालुक्याचे डॉक्टर आले, विहिरीवर गेले आणि त्यांनी आतोबांना विचारलं, "या पायऱ्या कधी बांधल्या?" त्या वेळी मी तिथंच होतो. डॉक्टरांनी साध्या शब्दांत समजावलं. नारू झालेला माणूस पाण्यात उतरतो, त्याच्या जखमेतून रोग पाण्यात जातो, ते पाणी पिणाऱ्याला वर्षानं नारू निघतो. पोहऱ्यानं पाणी शेंदतात तिथं कुणाचा पाय पाण्याला लागतच नाही. आतोबा ऐकत होते. कोटाच्या खिशातली सुतळी त्यांनी नुसती हातात धरून ठेवली होती.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "डॉक्टर काय ते तुम्हालाच बोलले ना? मग गप्प बसा. उन्हाळ्यात डागडुजी म्हणून पायऱ्या काढून टाका. कोण विचारतंय?" तसं तिचं चुकत नव्हतं. सांगितलं असतं तर या माणसाचं कुणी पुन्हा काही ऐकलं असतं का? लिंबाखाली कुणी बसलं असतं? आतोबांनी जन्मभर जमवलेलं ते एवढंच होतं. पण गप्प बसावं, तर उरलेल्या चार गावांच्या बाया रोज त्याच पाण्यात उतरत होत्या. त्या रात्री ते जेवले नाहीत. "तिथं गूळ वाटतो मी," एवढंच दोनदा म्हणाले.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो. लिंबाखाली सगळे जमलेले. ओढ्यापलीकडचे पाटील काठी टेकत आले, पोटरीला फडकं, आत काडी. आतोबा उभे राहिले. एरवी तासभर बोलणारा माणूस, पण त्या दिवशी चार वाक्यांत उरकलं. "मंडळी, पायऱ्या ही माझी चूक. नारू त्या पाण्यातून येतो. तुम्ही माझ्या भरवशावर बांधल्यात. माझ्यामुळं तुमची माणसं बसली." आणि ते खाली बसले. एक तलाठी तर उठून चालायलाच लागला.

तेवढ्यात पलीकडचे पाटील काठीवर जोर देऊन उठले, लंगडत लंगडत आतोबांपुढे आले. आता हा माणूस काठी घालतो की काय, असं मला वाटलं. त्यांनी आतोबांच्या मांडीवरचं फडकं सोडलं, त्यातला सगळ्यात मोठा खडा काढला आणि आतोबांच्या हातावर ठेवला. "घ्या चिटणीस. कायदा तुमीच केलाय." मग तिथंच पाय पसरून बसत म्हणाले, "तुमी बोलला नसता तर माज्या सुनंला बी हेच झालं असतं. आता पायऱ्या काढायच्या कशा, ते सांगा. आन दोरानं हात सोलतात त्याला काय करायचं, त्ये बी." उठून गेलेला तलाठी परत येऊन बसला. आमचे आतोबा तो खडा तोंडात घालायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना जमत नव्हतं. एवढा मोठा माणूस, सगळ्यांदेखत रडला.

खालच्या पायऱ्या निघाल्या, कठडे झाले, पोहरे आले, आणि कुठल्याशा मळ्यावर पाहिलेली कप्पी आतोबांनी चोरून पाचही विहिरींवर बसवली. आत्या आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी घागर उतरवत पुटपुटली, "हलकं जातंय तसं." पुरतं वर्ष आतोबा लिंबाखाली आले की लोकांच्या तोंडाकडे न बघता आधी पायांकडे बघत. वर्षानंतर पलीकडच्या पाटलांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन दोन्ही पोटऱ्या दाखवल्या आणि ओरडले, "यंदा आमच्या गावात कुनालाच न्हाई! ही बढाई हाय, पानी मीच आनतो!"

आतोबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी कचेरीत बढत्या घेत गेलो, बैठकांना बसत गेलो. सगळ्या बैठकांत सगळ्यांचं सगळं ठीक असे. एकदा मात्र न राहवून मी उभा राहिलो आणि माझ्या हातून झालेली एक चूक सांगून टाकली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, कुणीतरी खाकरलं आणि पुढचा विषय सुरू झाला. घरी येताना वाटेत वाण्याच्या दुकानी थांबून मी गुळाचा एक खडा घेतला. उभ्या उभ्याच खाल्ला. चांगला होता गूळ. पण आपल्या हातानं घेतलेला. तो काही तसा लागला नाही.