चिंचेनं घासलेला राजा

बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरात येऊन दोन वर्षं झाली तरी माझ्याशी निवांत बोलणारं एकच माणूस होतं, समोरच्या दारातले डच आजोबा. मुलगी शाळेतून आली की डचमध्ये उत्तरं द्यायची, आणि नवरा झुइडासच्या ऑफिसातून घरी येऊन पुन्हा लॅपटॉपच उघडायचा.

बुधवारी अकराला मी आजोबांकडे कॉफीला जायचे. एक कॉफी, मोजून एक बिस्किट आणि मखमलीच्या ट्रेमधली मध्ययुगातली स्पॅनिश नाणी. हातोड्यानं ठोकून पाडलेली, त्यामुळे एकही धड गोल नाही. कुठे राजाचा मुकुट काठाबाहेर गेलेला, कुठे नाकच चपटं. सगळे राजे सारखेच दिसतात, अशी माझी तक्रार. त्यावर आजोबा म्हणायचे, कारागिरानं राजाला कधी पाहिलेलंच नसायचं. डोक्यावर मुकुट काढला की झाला राजा. एवढ्या गप्पांवर माझा आठवडा निघायचा.

दिवाळीच्या आधी त्यांनी मला एक नाणं आठवडाभर ठेवायला दिलं. एका बाजूला कॅस्टीलचा राजा, दुसऱ्या बाजूला किल्ला. ट्रेमधलं नाणं त्यांनी पहिल्यांदाच कुणाला घरी नेऊ दिलं होतं. मी हरखून गेले. लक्ष्मीपूजनाला आमच्या लग्नातल्या चांदीच्या नाण्याशेजारी त्यालाही बसवायचं ठरवलं. पण त्यावर काळपट-हिरवी पुटं. पूजेत पारोसं कसं ठेवणार? ताम्हन घासता घासता त्यालाही चिंच-मीठ लावलं आणि जुन्या टूथब्रशनं खसखसून घासलं. नाणं लख्ख तांबडं निघालं. चांदीचा नुसता मुलामा होता, राजाचा झिजलेला चेहरा तेवढ्या मुलाम्यातच उरला होता, आणि तो मी मोरीत धुऊन टाकला.

बुधवारी नाणं रुमालात गुंडाळून गेले. बुधवार गेला तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण चिंचेपासून ब्रशपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. नाणं माझ्या बशीशेजारी सरकवत ते म्हणाले, "राहू दे आता तुझ्याकडेच."

नाणं आमच्या देव्हाऱ्यात आहे. किल्ला अजून ओळखू येतो. मी अजूनही दर बुधवारी जाते. कॉफी मिळते, बिस्किटही मिळतं. ट्रे मात्र कपाटातून निघत नाही, आणि काढा म्हणायची माझी हिंमत होत नाही. आम्ही हवामानावर बोलतो.