सुमित्राबाईंचं पहिलं ‘नको’

सुमित्रा कर्णिक यांना ताटात काहीही वाढायला गेलं की त्या आधी हात आडवा धरत. पोट रिकामं असो, पदार्थ आवडीचा असो, पहिल्यांदा ‘नको’ हे ठरलेलं. मग वाढणाऱ्याने म्हणायचं, ‘अहो घ्या हो, एवढ्याने काय होतंय,’ आणि मग त्यांनी हात बाजूला घ्यायचा. सांगलीला त्यांच्या माहेरी सगळेच असे जेवत. पहिल्या वाढपाला हो म्हणणारा पाहुणा हावरट आणि पहिल्या नकारावर पुढे सरकणारा यजमान कंजूष, असं तिथलं सरळ गणित होतं. हे गणित मिशिगनात चालत नाही, हे कळायला बाईंना बरीच वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा गोष्ट श्रीखंडाची उरली नव्हती.

बाई इंजिनिअर होत्या. सांगलीच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या वर्गात एकटी मुलगी म्हणून शिकल्या, लग्न करून डेट्रॉइटला आल्या आणि मोटारींच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी मागायला गेल्या. तिथल्या साहेबाला त्यांच्या मार्कांपेक्षा साडीची काळजी जास्त. मशीनमध्ये पदर अडकला तर? दुसऱ्या दिवशी बाई पँट घालून हजर झाल्या. त्यावर बोलण्यासारखं काही न सुचल्यामुळे त्यांना नोकरी मिळाली असावी, असं माझं मत आहे. पहिली काही वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधल्या. मग त्या चाचण्यांच्या लॅबमध्ये शिरल्या आणि तिथेच रमल्या.

मिशिगनच्या हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने गाडीखालची, ब्रेकचं तेल नेणारी नळी गंजते. कंपनी नवी नळी मिठाच्या फवाऱ्यात ठेवायची आणि पास करायची; रस्त्यावर मात्र पास झालेल्या नळ्या गळायच्या. बाईंचं म्हणणं असं की नळीवर नुसतं मीठ पडत नाही. तिच्यावर खडे उडतात, ती गोठते, परत तापते, लोणच्यातली फोड मुरावी तशी सावकाश मुरत जाते. आपण तिला एक आंघोळ घालतो आणि सर्टिफिकेट देतो. त्यांनी खडी, गारठा आणि मीठ यांचा आळीपाळीने मारा करणारी नवी चाचणी बसवली. लोक वर्षभर हसले. मग त्या चाचणीत कंपनीचीच लाडकी नवी नळी फुटली, ती बाजारात जायची थांबली, आणि लोकांचं हसणंही थांबलं.

१९८५ साली लॅबचे प्रमुख रिटायर झाले. विभागाचे मुख्य कोवाल्स्की यांनी एका गुरुवारी बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

“लॅबचं प्रमुखपद तुम्ही घ्यावं असं मला वाटतं,” ते म्हणाले. “घ्याल?”

त्या कंपनीत एवढ्या वर बाईमाणूस कधी बसलं नव्हतं. बाईंना ती खुर्ची किती हवी होती हे त्यांनी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. आत जीव फुलून आला. तोंडातून निघालं ते असं: “नको, नको. मी कसली. लॅबमधला डेनिस माझ्यापेक्षा जुना आहे. त्याला जमेल चांगलं.”

एवढं म्हणून बाई हात जुळवून हसऱ्या चेहऱ्याने थांबल्या. आता आग्रह होणार होता. कोवाल्स्कींच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं. “मोकळेपणाने सांगितलंत, बरं वाटलं,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

संध्याकाळी डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या घरी चारुदत्तांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, हे ऐकलं आणि हातातली चहाची कपबशी खाली ठेवली.

“अगं, तू डिक्लाइन केलंस?”

“डिक्लाइन कुठे केलं? पहिल्यांदा नको म्हटलं. उद्या विचारतील परत.”

“इथे परत नाही विचारत गं. नो थँक्यू म्हटलं की मॅटर क्लोज.”

“ते कॉफीचं. एवढी मोठी पोझिशन, थोडं तरी पर्सुएड करतीलच ना.”

चारुदत्तांनी वाद घातला नाही. ते स्वतः पहिल्या वर्षी दोन अमेरिकन घरांतून उपाशी परतले होते, पण बायकोपुढे ते कबूल करायची त्यांची तयारी नव्हती.

शुक्रवारी कुणी विचारलं नाही. सोमवारी डबा खाताना समोर लोरेटा येऊन बसली. लोरेटा ही लॅबमधली दुसरी इंजिनिअर बाई. डेट्रॉइट शहरातली, कृष्णवर्णीय. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज करून तिने डिग्री घेतली होती, आणि सुमित्राबाईंच्या कितीतरी आधीपासून ती त्या लॅबमध्ये होती.

“डेनिसला प्रमुख करतायत,” ती म्हणाली. “बुधवारी जाहीर होणार. तुला विचारलंच नाही का?”

बाईंनी मग सगळं सांगितलं. आडवा हात, पहिलं नको, आग्रह, सांगलीची पंगत. लोरेटाने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तुला ते हवं होतं?”

“हो.”

“आणि तू नाही म्हणालीस.”

“तशी रीत आहे आमच्यात.”

लोरेटा हसली नाही. “मला इथे एकदाही विचारलेलं नाही, सुमित्रा. तुला बोलावलं तेव्हा मला वाटलं, चला, कुणासाठी तरी दार उघडलं. ते तू आपल्या हाताने लावून घेतलंस. आता ते कायम म्हणणार, आम्ही तर विचारलं होतं, बाईलाच नको होतं.”

बाईंना लाज वाटली. आपला विनय हा आपला घरगुती मामला आहे, अशी त्यांची समजूत होती. त्याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. भीड ही भिकेची बहीण, असं त्यांचे वडील नेहमी म्हणत. पण म्हणताना तेही पानावर हात आडवा धरत, त्यामुळे लेकीने ऐकलं एक आणि उचललं दुसरंच.

मंगळवारी सकाळी बाई जिवाचा हिय्या करून कोवाल्स्कींपुढे उभ्या राहिल्या.

“मला ते पद हवं आहे.”

“पण तुम्हीच नको म्हणालात.”

“ते खरं नव्हतं.”

“मी डेनिसला सांगून बसलोय,” कोवाल्स्की म्हणाले. “आता त्याच्याकडून परत घेऊ?”

‘मग राहू दे’ हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले. सांगलीचं सगळं गणगोत जणू मागे उभं राहून पदर ओढत होतं.

“खडी-मिठाची चाचणी कुणी बसवली?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही.”

“फुटणारी नळी कुणी पकडली?”

“तुम्ही.”

“मग घ्या परत. डेनिसला सांगायला जड जात असेल तर मी सांगते.”

स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करायची ही त्यांची पहिलीच वेळ, त्यामुळे कानशिलं तापली होती. कोवाल्स्कींनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. म्हणाले, “सांगा तर मग.”

बाईंनी सांगितलं. डेनिसचा काही अपराध नव्हता. तो लाल झाला, ‘ठीक आहे’ म्हणाला, आणि पुढे कित्येक आठवडे त्याने ‘गुड मॉर्निंग’पलीकडे शब्द काढला नाही. बाईंना त्याचं वाईट वाटलं. पद मात्र त्यांनी ठेवलं.

प्रमुख झाल्यावर त्यांची स्वतःची सिनिअर इंजिनिअरची जागा रिकामी झाली. नेमणूक आता त्यांच्या हातात होती. बाई लोरेटाच्या टेबलाशी गेल्या. जाताना मनात आग्रहाची तयारी करून गेल्या होत्या. ती नको म्हणालीच, तर काय काय म्हणायचं ते सगळं जुळवून.

“लोरेटा, माझी जुनी जागा...”

“हो,” लोरेटा म्हणाली.

“अगं, मी अजून विचारलं कुठे?”

“तरी हो.” ती हसत होती, पण तिचे डोळे भरून आले होते.

बाईंनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसल्या आणि प्रश्न पहिल्यापासून, सावकाश, पूर्ण विचारला. इतक्या वर्षांत तो तिला कुणी विचारलाच नव्हता.