फणीमामा पुढे गेले

कानामागे कायम फणी खोचलेली, म्हणून साऱ्या गल्लीचे ते फणीमामा. स्वतःच्या सलूनमध्ये त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. चर्चमध्ये मात्र दाराजवळच्या शेवटच्या बाकावर मूग गिळून बसायचे. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे पुढे निघाले, की मामांना नेमकी बाहेरची हवा खायची हुक्की यायची.

दारूच्या दिवसांत त्यांनी बायकोला जिन्यावरून ढकललं होतं. तिचा हात मोडला. पुढे दारू सुटली, बायकोने माफही केलं, पण मामांचं एकच पालुपद, "अजून थोडा सुधारतो, मग पुढे जातो." चर्चचे पाळकसाहेब घसा कोरडा करून सांगायचे, "पापातून तारण कमवायचं नसतं हो. ख्रिस्ताने ते वधस्तंभावर मिळवून ठेवलंय. आपण विश्वासाने घ्यायचं." पालथ्या घड्यावर पाणी!

आता रविवारी मुलीचं पहिलं प्रभुभोजन होतं. "बाबा शेजारी नसतील तर मीही जाणार नाही," तिने ठणकावलं. हट्टात बापाचीच लेक. मामांची झोप उडाली.

शनिवारी शेजारचा शिंपी आजारातून उठून सलूनमध्ये आला. त्याने टोपी काढली आणि मामा हादरले. डोकं उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसत होतं.

"हे काय रे?"

"केस फार वाढले होते. असा अवतार घेऊन तुझ्याकडे यायची लाज वाटली. म्हणून घरीच जरा नीट केले, कापडाच्या कात्रीने."

"अरे शहाण्या, मग मी इथे माशा मारायला बसलोय का? आहेस तसा यायचं! नीट करणं माझं काम. तू जेवढा हात लावलास, तेवढा घोळ वाढवलास!"

बोलता बोलता मामांची कात्री हवेतच थांबली. इतकी वर्षं ते स्वतः दुसरं काय करत होते? ते असे खदखदून हसले, की शिंपी घाबरून खुर्चीतून उठला. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

रविवारी फणीमामा लेक आणि बायकोच्या मधोमध गुडघे टेकून बसले. पाळकसाहेबांनी भाकर पुढे केली.

"हे ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं."

"माझ्यासाठी?" मामांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"अहो, तुमच्यासाठीच," बायको म्हणाली. "घ्या आता!"

त्यांनी दोन्ही हात पसरून घेतलं. नंतरच्या गीतात मामांचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि सगळ्यांत बेसूर. त्यांना आवरणं कुणाच्याच हातात नव्हतं. शेवटी पेटीवाल्यानेच हार मानली आणि मामांचा सूर धरला.