चौथ्या झोळीतली डिश

आधीच सांगते, मी अशा गोष्टींना हसणारी बाई आहे. उधन्याला खाण्याचे पदार्थ तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये नोकरी करते. जे डिशमध्ये उगवत नाही ते नसतंच, असं मानायचे... हे घडेपर्यंत तरी.

माझी वहिनी लिंबायतला पाळणाघर चालवते. तळमजल्याची एकच खोली, दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने, भिंतींना कमरेपर्यंत ओल. छताखालच्या पाइपला जुन्या साड्यांच्या चार झोळ्या टांगलेल्या, चारही एकाच दोरीला बांधलेल्या. वहिनी भाजी निवडता निवडता पायाने दोरी ओढते आणि सगळ्या एकदम हलतात. तिचा मुलगा चिकू, माझा अडीच वर्षांचा भाचा, दिवसभर तिथेच असतो. पावसाळा सरला आणि त्याची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली.

डॉक्टरकडून वहिनी आली ती वैतागूनच. "डॉक्टर इचारस, घरमा फूग शे का? मी म्हनं, शेतस ना फुगा, पोरेसले खेळाले. तो हसाले लागना."

गुजरातीत फूग म्हणजे बुरशी; वहिनीला वाटलं, फुगे. मीही पोट धरून हसले आणि म्हटलं, थांब, तुझ्या खोलीतली धूळच तपासते.

दुपारी मुलं झोपल्यावर जेलीचा थर असलेल्या तीन डिश घेऊन गेले. उघड्या ठेवायच्या, धूळ आपोआप बसते. मग लॅबमध्ये उबेत ठेवल्या की धुळीतली बुरशी उगवते. एक खिडकीत ठेवली, एक चटईजवळ. तीन झोळ्यांत तान्ही बाळं होती, चौथी मोकळी, म्हणून दोरीतून सोडलेली. तिसरी डिश तिच्यात ठेवली आणि झोळी पुन्हा दोरीला बांधली.

वहिनीचा पाय थांबला. "ताई, रिकामी झोळी हलावानी नही. कोनीतरी यीसन झोपस तिन्हामा."

"रिकामी कुठाय? माझं बाळ आहे ना त्यात," मी म्हणाले. हो, हे मीच म्हणाले.

तिने हसून दोरी ओढली. बाळं उठेपर्यंत चारही झोळ्या हलत होत्या, आणि मी समोरच बसले होते. डिश काढली तेव्हा जेली गुळगुळीत होती. झाकण लावून वरून टेप मारली.

चार दिवसांनी लॅबमध्ये पहिल्या दोन डिशमध्ये काळी-हिरवी बुरशी आली, ओल असलेल्या खोलीत येते तशीच. तिसरीत ती फक्त मधोमध होती... वर चार ठिपके, खाली दोन. प्रत्येक ठिपक्याखाली जेली दबलेली. शेजारच्या टेबलावरची हिनाबेन वाकून बघत म्हणाली, "कोना बाबाए बचकुं भर्युं?" कुणाच्या बाळाने चावा घेतला?

झोळ्यांतल्या बाळांना दात आलेले नव्हते. चिकूचं तोंड दातांनी भरलेलं आहे, सहाच दातांचा चावा त्याचाही नव्हे. आणि टेप जशीच्या तशी होती.

तशीच लिंबायतला गेले, तर वहिनी खुशीत — त्या दुपारपासून चिकूची छाती वाजलीच नव्हती. झोळी धुवायची आहे म्हणत मी चौथीची गाठ सोडली. गाठ सुटली आणि चटईवर खेळणारा चिकू खोकला. मग त्याला श्वासच घेता येईना, ओठ निळे पडले. वहिनी त्याला उचलून रिक्षाकडे धावली. मला कसं सुचलं देव जाणे, मी झोळी परत बांधली आणि दोरी ओढली. बाहेरून चिकूचं रडणं ऐकू आलं, अगदी भरल्या छातीने. माझ्यासमोर झोळी झुलत होती. तिचा तळ खाली ओढल्यासारखा फुगला होता.

आत काय आहे ते बघायची माझी हिंमत झाली नाही. आजही होत नाही.

भाऊ म्हणतो योगायोग आहे, खोली बदलू. पण खोली बदलायची तर झोळी सोडावी लागेल. ओल, बुरशी, दमा — सगळं मला पाठ आहे, आणि त्यातलं एकही त्या दातांपर्यंत पोचत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगा... मला खरंच भीती वाटते.

मागच्या सोमवारी एक बाई तान्हं बाळ घेऊन आली. तिला लूमवर कामाला लागायचं होतं. चौथ्या झोळीकडे बघून म्हणाली, "आठे जागा शे ना?" आणि बाळाला आत ठेवायला वाकलीच.

वहिनीने तिच्या हातातून बाळ जवळजवळ हिसकावून घेतलं. मग ते पुन्हा तिच्याच कुशीत देऊन म्हणाली, "नही माय. ती जागा भरेल शे."