कोपऱ्यावरची हळद

कार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकू होतं, म्हणून मी ते लगेच वाचलं नाही. शाळेतून शिकवून नुकतीच घरी आले होते, हातपाय धुवायचे होते, आणि कार्ड कुठलं हे लांबूनच कळत होतं. "आत्याबाई, ट्रंकवाल्याचं कार्ड आलंय," असं सासूबाईंना सांगितलं, कार्ड माजघरातल्या काळ्या ट्रंकेवर ठेवलं आणि चुलीकडं वळले. भाकरी झाल्या, आमटीला फोडणी दिली, शेजारीण विरजण मागायला आली तिच्याशी उभ्या उभ्या बोलून झालं... मग पदराला हात पुसत कार्ड उचललं. साताऱ्याचे ट्रंकवाले दस्तगीरभाई गेले होते. त्यांचा मुलगा हमीद यानं लिहिलं होतं, 'अब्बा शुक्रवारी पैगंबरवासी झाले. आपल्या घराशी त्यांचा लोभ होता म्हणून कळवतो.' टपालाला मी जन्माची भिते. ज्या एका दुकानाच्या कार्डाला भीत नव्हते, त्याच दुकानाचं हे कार्ड होतं.

माझं हे भित्रेपण सांगितल्याशिवाय दस्तगीरभाई सांगता यायचे नाहीत. विंचू मी चपलेनं मारलाय, कृष्णेला पाणी चढलेलं असताना नावेत बसलेय. पण टपालवाला वेशीतून आत आला की मी दाराआड होते. आमचं गाव इस्लामपुराकडचं. लढाईच्या दिवसांत गावातल्या निम्म्या घरांतला कुणी ना कुणी पलटणीत होता, आणि आमच्या घरातले आमचे हे. नाव घ्यायची पद्धत नाही, तेव्हा 'हे' म्हणूनच सांगते. त्या दिवसांत टपालवाला दिसला की बाया हातातलं काम तसंच धरून उभ्या राहायच्या. तो पुढच्या घराकडं गेला की सुटलो म्हणायचं आणि लगेच त्या पुढच्या घराची भीती वाटायची. आमच्याकडं मयताची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडतात. तसलं कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. अंगणात उभ्यानं वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. अक्षरओळख नसलेल्या बाईलासुद्धा कोपरा वाचता येतो.

हे मलायाकडं गेले, त्याच्या आधी साताऱ्यात त्यांनी दस्तगीरभाईंच्या दुकानातून पत्र्याची ट्रंक घेतली होती. काळा रंग, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नाव, पलटणीतला नंबर आणि गाव. ती ट्रंक घेऊन ते मोटारीत बसले ते गेलेच. आणि मग एके दिवशी दुपारी टपालवाला आमच्या अंगणात आला. एरवी कार्ड हातात देणारा माणूस, त्यानं ते कट्ट्यावर ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेला. कार्डाचा कोपरा नव्हता.

आत्याबाई दाराशी आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि खाली बसल्या. रडल्या नाहीत, काही नाही, नुसत्या जमिनीला हात लावून बसल्या. शेजारच्या बाया गोळा झाल्या. सगळ्यांच्यात वाचता येणारी मी एकटी. वाईला मामाकडं राहून सातवीपर्यंत शिकले होते, त्याचं सासरी केवढं कौतुक होतं. त्या दुपारी मला वाटलं, देवा, मला अडाणी का नाही ठेवलंस. अंगणातून कट्ट्यापर्यंत जायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. वाचलं नाही तोवर हे जिवंत आहेत, एवढंच डोक्यात होतं. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "वाच पोरी. न वाचून काय ऱ्हातंय व्हय?"

मी वाचलं. 'सा. न. वि. वि. आपण आमच्या दुकानातून ट्रंक नेऊन आम्हांस उपकृत केले, त्याबद्दल आभारी आहोत. कडी, कोयंडा, बिजागरी अगर रंग याबाबत काही तक्रार असल्यास कळवावे, विनामूल्य दुरुस्त करून देऊ. घरी सर्व मंडळी खुशाल असतील अशी आशा आहे. कळावे, लोभ असावा ही विनंती.' कुणाला काही कळेना. मला पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं, तर पुन्हा कडी आणि कोयंडा. तेव्हा आत्याबाई उठल्या, लुगडं झाडलं आणि म्हणाल्या, "सुभद्रे, उद्याच्या मोटारीनं साताऱ्याला जायचं. ह्या माणसाचं तोंड बघायचं हाय मला."

गेलो. साताऱ्यात मोती चौकापासून जवळच त्यांचं दुकान, पत्रा ठोकल्याचा असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. त्या आवाजावर आत्याबाईंचा आवाज चढला. त्यांनी बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. दस्तगीरभाई पन्नाशीचे, बारीक अंगाचे, हातभर पत्र्यानं कापल्याच्या खुणा. ते हातोडी खाली ठेवून उभे राहिले आणि आत्याबाईंचं बोलून होईपर्यंत उभेच होते. आधी त्यांना उमजेना. मग त्यांनी कार्डाचा तो कोपरा पाहिला आणि चेहरा पार उतरला. कार्डं पत्र्याच्या थप्पीखाली ठेवलेली असायची, धारेला लागून कोपरा कापला गेला होता. लढाईत कागदाची टंचाई, म्हणून तेच कार्ड त्यांनी वापरलं. म्हणाले, "मावशी, आमच्यात न्हाई ती पद्धत. पर तुमच्यात हाय, हे मला ठावं हाय. ठावं असून चुकलो. तुमी एवढ्या लांबनं सांगाय आला, लय आभारी हाय."

भांडायला आलेल्या माणसाचे आभार मानले की भांडणाचं काय करायचं हे आत्याबाईंना कळेना. त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिता पिता दस्तगीरभाईंनी विचारलं, "मावशी, लांबनं बघूनच कळावं की ह्यात वाईट कायबी न्हाई, असं काय करता येईल?" आत्याबाई म्हणाल्या, "हळदकुकू लावावं. लग्नाच्या पत्रिकंला लावत्यात तसं."

"माझ्या हातचं चालंल?"

"चालंल की. हळदच हाय ती."

तेव्हापासून त्या दुकानाचं प्रत्येक कार्ड हळदकुंकवाचं येऊ लागलं. आमच्याच नव्हे, पलटणीत माणूस असलेल्या गावोगावच्या घरांत. बाया लांबून पिवळा कोपरा बघायच्या आणि "ट्रंकवाल्याचं हाय" म्हणून पुन्हा कामाला लागायच्या. आभार मानायची त्या माणसाला खोडच होती. सांगलीच्या एका व्यापाऱ्यानं गंजका पत्रा पाठवला, तर दस्तगीरभाईंचं त्याला कार्ड, 'पत्रा वेळेवर पोचला, आभारी आहे. थोडा गंजलेला आहे, तेवढे पाहावे.' मी एकदा दुकानात गेले होते तेव्हा म्हटलं, "दस्तगीरभाई, शिव्या घालायच्या सोडून आभार कसले?" तर म्हणाले, "वेळंवर तर आला न्हवं, ताई." त्या व्यापाऱ्यानं पत्रा बदलून दिला. का दिला ते मला आजही सांगता येणार नाही.

मग सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्याची बातमी आली आणि ह्यांची पत्रं थांबली. बऱ्याच दिवसांनी सरकारी कागद आला, ठावठिकाणा लागत नाही म्हणून. मेले असं नाही, आहेत असंही नाही. अशा घरात कसं राहायचं हे कुणी शिकवत नाही. कुंकू लावताना माझा हात थांबायचा. आत्याबाई माझ्या कपाळाकडं बघतात की काय, असं वाटून मी तोंड फिरवायची. वेशीत सायकलची घंटा वाजली की मी अंगणात येऊन उभी राहायची, आणि नाही वाजली तरी राहायची. आणि या सगळ्यात दस्तगीरभाईंची कार्डं चालूच. सणासुदीला, पावसाळ्याच्या तोंडाला, पत्ता ह्यांच्याच नावाचा. 'पावसात कडीला गोडे तेल लावावे.' 'रंग उडाला असल्यास सुट्टीवर याल तेव्हा ट्रंक घेऊन यावी.' सुट्टीवर याल तेव्हा... मला ते वाचवेना. आशेचीच मला धास्ती बसली होती. मी रागानं लिहिलं, 'ते बेपत्ता आहेत. त्यांच्या नावाने कार्ड पाठवू नये.' उत्तर आलं, पिवळ्या कोपऱ्याचं. 'आपले पत्र पोचले, आभारी आहे. आपले यजमान आमचे गिऱ्हाईक आहेत. त्यांस लिहिणे आमचे काम आहे. कार्डे जपून ठेवावी व ते आल्यावर द्यावी.'

लष्कराच्या कचेरीत चौकशी करायला म्हणून मी साताऱ्याला गेले होते. तिथं काही कळलं नाही. परत येताना दुकानात शिरले, कार्डं बंद करा हे तोंडावरच सांगायचं म्हणून. दस्तगीरभाई नमाजाला गेले होते. हमीदनं आत बसायला सांगितलं. आतल्या खोलीत भिंतीला लागून ट्रंका रचलेल्या होत्या, पण नव्या नव्हेत. पोचे आलेल्या, रंग उडालेल्या, आणि प्रत्येकीच्या झाकणावर नाव, नंबर, गाव. मला आधी काही वाटलं नाही. मग लक्षात आलं. माणूस गेल्यावर पलटणीतून घरी आलेल्या ट्रंका होत्या त्या. घरच्यांना त्या डोळ्यांसमोर नकोशा झाल्या, म्हणून त्यांनी साताऱ्याला आणून दिल्या होत्या. मी नावं वाचायला लागले. वाचायचं नव्हतं, पण डोळे थांबेनात. वरची, खालची, मागची... मागच्या ओळीतली नावं दिसेनात म्हणून पुढच्या ट्रंका ओढायला लागले. आवाज ऐकून हमीद आला. त्याच्या पाठोपाठ दस्तगीरभाई आले.

"न्हाई त्यात, ताई," ते दारातूनच म्हणाले. "मी बी रोज बघतो."

मी हातातली ट्रंक सोडून खाली बसले. ते समोर बसले. त्या ट्रंका रंगवून का विकत नाही, असं मी काहीतरी विचारलं, बोलायला दुसरं सुचेना म्हणून. "नाव खरवडाय हात उचलत न्हाई," ते म्हणाले. "मीच लिवलेलं हाय. ट्रंक घेऊन दुकानातनं उतरला की वाटतं, गड्याला आपनच धाडला. मग कार्ड लिवतो. लिवलं म्हंजी तो हाय, असं मला वाटतं. भ्या वाटतं, ताई, म्हनून लिवतो. तुमाला तरास व्हत आसंल तर थांबवतो." इतके दिवस मला वाटत होतं, हा माणूस दुकानदारीच्या रीतीनं लिहितो. तोही माझ्यासारखाच भ्यालेला होता. मी म्हटलं, थांबवू नका. कार्डं येत राहिली, मी ती ह्यांच्या सदऱ्याच्या घडीत ठेवत गेले.

हे आले. लढाई संपल्यावर, कैदेतून सुटून, अंगावर नुसती कातडी घेऊन आले. ट्रंक नव्हती. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, गाव लोटला, पण हे बोलेनात. टाचणी पडली तरी दचकायचे. मला नवरा मिळाला होता आणि त्याचीच भीती वाटत होती. मग एके सकाळी, काही सुचेना तेव्हा, मी ती कार्डं त्यांच्यापुढं ठेवली. ओट्यावर बसून त्यांनी एकेक वाचलं. गोडं तेल, रंग, बिजागरी, सगळं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन बोलले, "ह्यो माणूस इचारतोय कवाधरनं. उत्तर द्याय पायजे." दौत मागितली. मला लिहू दिलं नाही, स्वतःच लिहिलं. 'ट्रंक तिकडेच राहिली. कुलूप शेवटपर्यंत चांगले होते.' तिथून हळूहळू बोलायला लागले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे इस्लामपूरला गेले होते आणि मी वेशीजवळ पाण्याला. मोटार थांबली, टपावरून माणसानं एक काळी ट्रंक खाली उतरवली. झाकणावर ह्यांचं नाव. घागर हातातून सुटली. हे सकाळीच घरातून जेवून गेलेत, हे मला ठाऊक होतं. पण भीती असलं काही विचारत बसत नाही... ट्रंक उन्हात वळली, आणि झाकणाच्या कोपऱ्याला हळदकुंकू दिसलं. चांगलं ठसठशीत, दोन बोटांचं. मी तिथंच चिखलात बसून हसले की रडले, ते बघणाऱ्यांनी सांगावं. नव्या कोऱ्या कडीला चिठ्ठी बांधली होती, 'आपले पत्र पोचले, फार आभारी आहे.'

तर त्याच ट्रंकेवर मी हमीदचं कार्ड ठेवलं होतं. मयताचं कार्ड, उंबऱ्याच्या आत, न वाचता. रीतीप्रमाणे ते बाहेर नेऊन फाडायला हवं, म्हणून मी उचललं, तर आत्याबाई म्हणाल्या, "फाडू नगंस. त्यानं हळद लावल्याली हाय." मी म्हटलं, लावली असेल हमीदनं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं साताऱ्याला भेटायला गेलो, तेव्हा हमीदनं गल्ल्याशेजारची थप्पी दाखवली. दस्तगीरभाई सकाळी दुकान उघडलं की आधी कोऱ्या कार्डांना हळदकुंकू लावून ठेवायचे. हमीदनं रडत रडत वरचं घेतलं होतं, बघितलंही नव्हतं. आतल्या खोलीतल्या ट्रंका अजून तशाच आहेत. हमीद म्हणाला, मीही नावं खरवडणार नाही.

परवा मी एक कार्ड लिहायला बसले. हमीदला लिहायचं होतं, पत्ता घातला तो दस्तगीरभाईंच्या नावाचा. हे शेजारी बसले होते, त्यांनी वाचलं, आत जाऊन हळदीची वाटी घेऊन आले. कार्ड त्या घरात पोचेल तेव्हा कुणी दचकू नये. मी लिहिलं, 'सा. न. वि. वि. ट्रंक उत्तम आहे. कडी, कोयंडा, बिजागरी, रंग, कशाचीच तक्रार नाही.'