मत नसलेले मामा

निवडणुकीवर माझ्या मामेसासऱ्यांइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या जर्मनीत सापडायचा नाही, आणि निवडणुकीत ज्याला काडीचाही अधिकार नाही असाही. नेकारसुल्मच्या अलीकडे, नदीकाठी आमचं लहानसं शहर आहे. नाव सांगत नाही, इथले नगरसेवक आधीच पुरेसे हैराण आहेत. मोटारींच्या कारखान्यात उभी हयात काढून मामा इथेच निवृत्त झाले, इथेच घर घेतलं, इथल्या मातीत कढीपत्ता जगवून दाखवला, पण भारताचा पासपोर्ट काही सोडला नाही. त्यामुळे इथे मत नाही. पुण्याच्या मतदारयादीतून नाव केव्हाच उडालंय. म्हणजे मामांना मत टाकता येईल अशी एकही पेटी या पृथ्वीच्या पाठीवर नाही, आणि एवढ्या भांडवलावर त्यांनी सगळ्या पक्षांना धाकात ठेवलंय.

हा हट्ट वडिलोपार्जित आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मामांचे पणजोबा भाड्याच्या खोलीत राहणारे मास्तर होते. त्या काळी नगरपालिकेच्या निवडणुकीत मत असायचं ते घरपट्टी भरणाऱ्या बड्या मंडळींना. पण निवडणुकीच्या दिवशी पणजोबा पागोटं बांधून सकाळपासून मतदानाच्या दाराशी उभे राहत आणि येणाऱ्या प्रत्येकाला बजावत, "विचार करून द्या. माझंही तुम्हालाच द्यायचंय." ही गोष्ट मामा इतक्या वेळा सांगतात की आमच्या मुलीला ती जर्मनमध्ये पाठ आहे.

निवडणूक जवळ आली की शनिवारच्या बाजारात पक्षांचे स्टॉल लागतात. आपण भाजी घेता घेता एखादं फुकटचं पेन उचलतो. मामा इस्त्रीचा कोट घालून जातात आणि भाजी घेतच नाहीत. बसथांब्यावरचं छप्पर का गळतं, नदीकाठचं बाक कुणी उचललं, हे विचारताना त्यांची जर्मन तोफखान्यासारखी चालते. उमेदवाराने पेन पुढे केलं की म्हणतात, "पेन घरी आहे. उत्तर द्या." हा मनुष्य मतदारच नाही, असा संशय आजवर एकाही उमेदवाराला आला नाही. एकाने तर नाताळात घरी केक पाठवला. मामांनी तो स्वतः नेऊन परत केला आणि वर सांगितलं, "लाच खाण्याइतकाही हक्क मला नाही." तो बिचारा अजून त्याचा अर्थ लावतोय.

मी एकदा म्हटलं, "मामा, एवढा जीव जळतो तर नागरिकत्व घ्या ना. सगळेच घेतात."

"सगळे घेतात म्हणूनच नाही घ्यायचं," मामा म्हणाले. "तीस वर्षं कर घेताना यांनी पासपोर्ट विचारला नाही. मत मागितलं की विचारतात. आल्झो, तर मग मी वाट बघेन."

मग प्रकरण तलावापर्यंत आलं. गुडघे धरल्यावर मामी साठीत पोहायला शिकल्या, शहराच्या हालेनबाडमध्ये, म्हणजे छपराखालच्या तलावात. जमिनीवर धरून धरून चालणाऱ्या मामी पाण्यात एकट्या, कुणाचाही हात न धरता पुढे जातात. नगरपरिषदेत मात्र तो तलाव खर्चिक म्हणून बंद करायचं घाटत होतं. मामांनी स्टॉलवर रान उठवलं. आणि मामींनी एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता सांगितलं, "अहो, तुमच्या भांडण्याने तलाव राहायचा नाही. मी नागरिकत्वाचा अर्ज केलाय." मामा त्या दिवशी ताकावर राहिले.

यथावकाश मामी जर्मन झाल्या आणि त्यांच्या नावाने मतपत्रिका घरी आल्या. आमच्याकडे जितक्या जागा तितकी मतं मिळतात, एकेकाला तीनपर्यंत देता येतात, आणि पत्रिका घरी निवांत भरून पेटीत नेऊन टाकायची असते. मामांनी जेवणाचं टेबल रिकामं करून कोणता उमेदवार तलावाच्या बाजूचा, कुणाला तीन, कुणाला एक, याची शिकवणीच सुरू केली. मामींनी सगळं ऐकून घेतलं, पत्रिका उचलल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मामा दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "विचार करून दे. माझंही..." आतून उत्तर आलं, "अहो, गुप्त असतं ते."

रविवारी मामी मत टाकून आल्या. मामा तेवढा वेळ मतदानकेंद्राच्या दाराशी उभे होते, पणजोबांसारखे, फक्त डोक्यावर लोकरीची टोपी.

इथे मतमोजणी कुणालाही बघता येते, मत नसलेल्यालाही. सोमवारी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत मामा पहिल्या खुर्चीवर आणि मी शेजारी. दुपारी एका पत्रिकेपाशी मोजणारे अडखळले. शंका आली की मोजणीचं मंडळ मोठ्याने वाचून निर्णय देतं. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या की एका मतदाराने यादीत नसलेलं नाव हाताने लिहून त्याला तीन मतं दिली आहेत. आणि त्या अडखळत वाचू लागल्या. नाव मामांचं होतं. आधी नाव, मधे वडिलांचं नाव, शेवटी आडनाव, असं आपल्याकडे लिहितात तसं. लग्नाच्या उखाण्यानंतर ज्यांनी 'अहो'पलीकडे हाक मारली नाही, त्यांनी ते नाव पुरं लिहून पेटीत टाकलं होतं.

"उन्गुल्टिग," बाई म्हणाल्या. ही तीन मतं बाद, बाकीची ग्राह्य.

मामा उभे राहिले. मला वाटलं, आता भांडतात. ते म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. नियमाने बादच." आणि बसले. मग पुष्कळ वेळ चष्मा पुसत राहिले. मी दुसरीकडे पाहिलं, कारण माझाही चष्मा पुसायला झाला होता.

तलाववाल्यांचं बहुमत कसंबसं आलं. पुढच्या निवडणुकीपर्यंत तलाव राहील. आता मामा मामींना सोडायला जातात आणि काठावरच्या बाकावर त्यांचा टॉवेल मांडीवर घेऊन बसतात. त्या पत्रिकेबद्दल दोघं एकमेकांशी बोलली असतील असं मला वाटत नाही. परवा मी सहज विचारलं, "मामा, आता तरी अर्ज करताय?"

पाण्यात मामी पलीकडच्या काठाकडे निघाल्या होत्या. त्यांच्यावरची नजर न काढता मामा म्हणाले, "कशाला? उभा न राहताच मला तीन मतं पडलीत."