डेन्झिलचे ताट

दिनांक ३१ ऑक्टोबर २०१४. हॉलच्या खात्यात टेलिव्हिजन कंपनीकडून आगाऊ दोनशे सत्तर पौंड पन्नास पेन्स जमा झाले. तेवढेच चित्रीकरण पूर्ण झाल्यावर मिळणार होते. गावच्या हॉलचा खजिनदार मी. हीटर बदलायचा होता, म्हणून समितीने गळ घातली आणि ग्वेंडा ट्रस्कॉट नाइलाजाने चित्रीकरणाला तयार झाली.

कॉर्नवॉलच्या आमच्या या कोपऱ्यात ग्वेंडा तीस वर्षे मोटार चालवायला शिकवत आली आहे. माझ्या दोन्ही मुली तिच्याच हाताखाली शिकल्या. ती विक्का या निसर्गपूजक पंथाची पुरोहित आहे हे गावाला ठाऊक आहे आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. पंथाची माणसे जेमतेम सात. कार्य झाले की खुर्च्या जागेवर लावून जातात. बॅडमिंटनवाले लावत नाहीत.

त्या मार्चमध्ये तिचा नवरा डेन्झिल गेला. साऊइन हा त्यांचा गेलेल्या माणसांचा सण. रिंगणात मृताचे ताट वाढायचे आणि त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. मार्चपासून ग्वेंडाच्या तोंडून ते नाव आले नव्हते. नुसते ‘तो’ म्हणायची. ती या दिवसासाठी थांबली होती. टीव्हीवाल्यांना तिने एकच अट घातली: ताटाला हात लावायचा नाही.

दिग्दर्शक जाइल्स भर दुपारी आला. त्याला रात्र हवी होती, म्हणून खिडक्यांना काळे प्लास्टिक लागले. बरोबर धुराचे यंत्र, रबरी कवटी आणि तारेवर बसवलेले दोन कावळे. ग्वेंडाचा पडद्याच्या कापडाचा हिरवा झगा पाहून त्याचा चेहरा पडला. सैतानाला कधी बोलावता, असे त्याने विचारले. तो आमच्याकडे नसतो, चर्चमध्ये चौकशी करा, असे तिने सांगितले.

“मग निदान एखादा शाप तरी द्या ना, मॅडम. छोटासा.”

“दिलेला शाप तिप्पट होऊन देणाऱ्याकडे परत येतो, बाळा. माझे गुडघे आधीच गेलेत.”

ग्वेंडाने झाडूने जागा झाडली आणि सुरीने सूर्य फिरतो त्या दिशेने रिंगण आखले. आखलेले रिंगण म्हणजे बंद खोली. मध्येच कोणाला बाहेर जायचे असेल, तर सुरीने हवेत दार कापून वाट द्यावी लागते. जाइल्स, कॅमेरावाला आणि आवाजवाला आत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहाचे कप मांडत होतो.

ताटात डेन्झिलची आवडती, करंजीसारखी भाजलेली मांस-बटाट्याची पेस्टी होती. ग्वेंडा उत्तरेकडे तोंड करून प्रार्थनेला उभी राहिली. ती वळली तेव्हा ताटात रबरी कवटी होती आणि आवाजवाला शेवटचा घास गिळत होता.

“पेस्टी पडद्यावर विनोदी दिसते, मॅडम,” जाइल्स म्हणाला. “सहलीला आल्यासारखी.”

“थंड होती,” आवाजवाल्याने माहिती दिली.

कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ सरकला. त्यांना अजूनही शापाची आशा होती. ग्वेंडाने सुरी उचलली, हवेत जमिनीपासून वरपर्यंत दार कापले आणि शिकाऊ चालकाशी बोलते त्या आवाजात म्हणाली, “या, राजा. तिघेही. पुढे पायरी आहे, बघून.”

ते गेले. उरलेले पैसे विसरा, असे जाइल्सने जाताना मला बजावले. मी विसरलो. बेकरी बंद व्हायच्या आत जाऊन शेवटची पेस्टी आणली आणि खिडक्यांचे प्लास्टिक उतरवले. ग्वेंडाने पुन्हा दार कापून माझ्या हातातली पेस्टी घेतली, ताटात ठेवली.

“डेन्झिल आर्थर ट्रस्कॉट,” ती म्हणाली.

पुढच्या वर्षी कार्यक्रम लागला. तीन असभ्य माणसांना सौजन्याने वाट करून देणारी बाई पडद्यावर, निवेदकाच्या म्हणण्यानुसार, शाप देत होती, मागे लांडगे ओरडत होते. आमच्या भागात शेकडो वर्षे लांडगा नाही. पण ज्यांचे चित्रीकरण केले त्या माणसांना विचारायची पद्धत या धंद्यात नसावी. ग्वेंडाने शेवटपर्यंत पाहिले.

“पायरीचं सांगितलं होतं, ते कापलं,” एवढेच म्हणाली.

हीटर जुनाच आहे. पेस्टीचे तीन पौंड वीस पेन्स कंपनीकडून अद्याप येणे आहेत.